गरम-गार न कळणारे पाय

माझ्या पायांना मुंग्या येत नव्हत्या. पाय जड पडत नव्हते, जळजळ नव्हती, रात्री पेटकेही येत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो कोणी भेटला त्याचा पहिला प्रश्न हाच होता, "मुंग्या येतात का?" मी नाही म्हटलं की समोरच्याचा निम्मा रस संपायचा. पायाखाली खडा आला तर मला टोचत होता. पावलावरून झुरळ गेलं तर सगळी बिल्डिंग जागी होईल इतकी मी ओरडत होते. कळत नव्हतं ते एवढंच, की पायाला लागलेली वस्तू गरम आहे की गार.

मी पुण्यात कर्वेनगरला पोळीभाजीचे डबे करते. कॉलेजची मुलं, एकटे राहणारे नोकरदार आणि आसपासची काही म्हातारी जोडपी, असं माझं गिऱ्हाईक. पहाटे कणीक भिजवली की दुपारपर्यंत ओट्यापाशी उभं राहायचं, तेही अनवाणी. संकष्टीच्या दिवशी उपासाचे डबे असतात. अशाच एका संकष्टीला साबुदाणेवडे तळताना पायावर तेल उडालं असणार. "असणार" म्हणते, कारण मला पत्ताच लागला नाही. संध्याकाळी न्हाणीत पाय धुताना डाव्या अंगठ्याच्या मागे टपोरा, पाण्याने भरलेला फोड दिसला. हातावर एवढं तेल पडलं असतं तर झारा तिथेच टाकून मी नळाखाली हात धरला असता. इतकी वर्षं आचेवर काम करूनही हाताला चटका बसला की डोळ्यांत पाणी येतं. पायाचं मात्र काहीच नाही. बर्नॉल लावलं आणि दुसऱ्या दिवशी परत पोळ्या.

मग मे महिन्यात पुतण्याचं लग्न झालं. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे सत्यनारायण उरकला की नवरानवरीला घेऊन जेजुरी. पुतण्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढण्याचा कार्यक्रम झाला, फोटो झाले, आणि या सगळ्या हौसेत गडावर पोचेपर्यंत टळटळीत दुपार झाली. वरच्या आवारातला दगड इतका तापला होता की चपला काढल्या काढल्या माणसं टुणटुण उड्या मारत सावली गाठत होती. नवी नवरी नवऱ्याचा दंड धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी भंडाऱ्याच्या पिशव्या सांभाळत आपली सावकाश चालले होते. मोठ्या जाऊबाई सावलीतून ओरडल्या, "अगं, हिच्यावर देवाची कृपाच म्हणायची!" सगळे हसले, मीही हसले. माझा मुलगा मात्र हसला नाही. तो बी. फार्म.ला आहे. त्याने खाली वाकून दगडाला तळहात लावला आणि झटकन काढून घेतला. "आई, तुला खरंच पोळत नाहीये?"

घरी आल्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि दोन स्टीलच्या वाट्या आणल्या. एकीत फ्रीजचं पाणी, दुसरीत हाताला सोसेल इतपत गरम. कधी ही वाटी, कधी ती, बाहेरून अंगाला टेकवायची आणि मी सांगायचं. मनगटावर, दंडावर, गालावर एकही उत्तर चुकलं नाही. पायाच्या बोटांवर मी सरळ अंदाज ठोकत होते. चवड्यावर तेच. घोट्याच्या वर गेल्यावर काहीतरी वेगळं जाणवायला लागलं आणि पोटरीच्या मध्यावर गरम म्हणजे गरम, गार म्हणजे गार. दोन्ही पायांना अगदी सारखं. त्याने बॉलपेनने पायावर रेघ काढून फोटो काढला. पुढे ज्या डॉक्टरांनी माझं निदान केलं ते म्हणाले की तुमच्या सगळ्या फाइलीत मला सगळ्यात उपयोगी पडलेला कागद म्हणजे हा फोटो.

पण त्यांच्यापर्यंत पोचायला मध्ये बराच फेरा पडला. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. नाव सांगत नाही, तिथे पायांच्या तपासणीचं पॅकेज होतं. नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, आणि तेवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाला नकळत जखमा होण्याचा धोका असतो. मला प्रत्येक जागी कळला. मग कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, त्याची थरथर कळली. त्याच कामाचं एक यंत्रही होतं, बायोथेसिओमीटर. त्यात कंप किती व्होल्टला जाणवला ते मोजतात. १५ च्या आत ठीक, २५ च्या वर गेलं तर धोका. माझा आकडा १५ च्या आत. शेवटी नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही. पायाला तारा चिकटवून बारीक बारीक शॉक देतात. पाय आपोआप उडतो, बघणाऱ्याला गंमत वाटते, आपल्याला नाही. तीही नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "काही नाहीये ताई. या वयात बायकांना असं काही ना काही वाटत राहतं. पाळी जाण्याचे दिवस आहेत ना?"

"मला वाटतंय" ही तक्रार नव्हतीच. वाटत नाही, हीच तर तक्रार होती. पण पैसे भरून झाले होते आणि बाहेर पंधरा माणसं रांगेत होती.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते माझ्या आईलाही बघायचे. आईला शुगर होती, शेवटच्या वर्षांत तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, तेव्हा ड्रेसिंगला हेच घरी येत. त्यांनी मुंग्यांचं विचारलं नाही. पाय मांडीवर घेतला, फोडाचा डाग बघितला आणि रक्ताच्या तपासण्यांची यादी लिहून दिली: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, थायरॉइड, किडनी. दारू घेता का, हेही विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसले. दारूनेही पायांच्या नसा जातात.

रिपोर्ट मोबाइलवर आला. एचबीएवनसी ६.६. त्याच्यापुढे लॅबने जाड अक्षरांत डायबेटिक छापलेलं. ६.५ ला मधुमेहाची रेघ आहे आणि मी तिच्या पलीकडे. अर्ध्या तासात बातमी नात्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर. नणंदेने कारल्याच्या रसाची कृती पाठवली, मावशीने मेथ्या भिजवायला सांगितल्या, यांनी घरातला गूळ उचलून शेजारी दिला. सासूबाईंना मात्र पटेना. "एवढीशी काया हिची, हिला कुठली साखर? साखर जाड्या माणसांना होते."

पुण्यात राहून ही समजूत टिकून आहे याचं मला नवल वाटतं. इथल्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन बघायचं तर दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक आणि आतून चरबी, हा आपल्याकडचा नमुनाच आहे. मुलाने आजीला तो फोटो दाखवला. आजी म्हणाली, "दोघंही बारीकच दिसतायत की."

डॉक्टरांनी मात्र ६.६ वर लगेच गोळी लिहिली नाही. माझं हिमोग्लोबिन ९.८ होतं आणि अंगातलं लोह पार तळाला गेलेलं. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे त्याचं माप. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब लागतो. पण लोह कमी असलं की हा आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. त्याच दिवशीची उपाशीपोटीची साखर १०९ होती. मधुमेह म्हणायला ती १२६ तरी हवी. दोन कागद दोन गोष्टी सांगत होते. त्यांनी मला मधुमेहाच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं, जे पायांचंही बघतात.

इथे पहिल्यांदा कोणीतरी मला गरम-गार विचारलं. आधी त्यांनी उजेडात नेऊन हात, पाठ, पाय, सगळीकडची कातडी निरखली, कुठे फिकट किंवा तांबूस चट्टा आहे का म्हणून. मग काचेच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. आमच्या वाट्यांचाच प्रयोग, फक्त नीटनेटका. त्यानंतर कोपराच्या आतल्या खाचेत बोट घालून तिथली नस चाचपली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची चाचपली, घोट्यामागची चाचपली. हे कशासाठी, असं यांनी विचारलं. डॉक्टर सरळ म्हणाले, "कुष्ठरोग नाही ना, हे बघतोय."

खोलीत एकदम शांतता. यांनी नकळत खुर्ची सरकवली, कुठल्या बाजूला ते मी लिहीत नाही. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची, आनंदवन शाळेच्या पुस्तकात वाचलेलं, तरी तो शब्द आपल्या पायांबद्दल उच्चारला गेला की पोटात गोळा येतो तो येतोच. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्या आजारातही चट्ट्यावरचं गरम-गार कळणं आधी जातं, म्हणून भारतात पाय बधिर झालेल्या माणसाची ही तपासणी चुकवायची नसते. पण तिथे ठरावीक जागा बधिर होतात, चट्टे दिसतात, नसा जाड लागतात. दोन्ही पाय बोटांपासून वर असे सारखेच जात नाहीत. आणि निघालाच असता तरी सहा महिने ते वर्षभराची औषधं, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि माणूस बरा. माझ्यात तसलं काही नव्हतं.

पुढची तपासणी मला आवडली म्हटलं तर हसाल. एक यंत्र, त्याला वायर आणि टोकाला सपाट धातूची टिकली. ती कातडीवर ठेवून हळूहळू तापवतात, जाणवलं की आपण "हो" म्हणायचं. मग तसंच गार करत न्यायचं. तळहाताच्या मागच्या बाजूला ठेवल्यावर मी काही क्षणांत "हो" म्हटलं. मग पावलावर. मी वाट बघतेय. पडद्यावरचा आकडा मला दिसत नव्हता, पण तो बघणाऱ्या मुलीचा चेहरा दिसत होता. ती एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा पडद्याकडे. शेवटी तिनेच टिकली उचलली आणि म्हणाली, "काकू, याच्यापुढे नाही नेता येत, भाजेल." अंगठ्यावर, करंगळीच्या मुळाशी, टाचेवर, थोड्याफार फरकाने तेच.

मग आधीच्या तपासण्या नॉर्मल कशा आल्या? डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक जाड, एक बारीक. स्पर्श, थरथर, पाय कुठे ठेवलाय याची जाणीव, हे सगळं जाड तंतूंतून जातं. गरम, गार आणि वेदना बारीक तंतूंतून. नायलॉनचा धागा, चिमटा, एनसीव्ही, या सगळ्या जाड तंतूंच्या परीक्षा. माझे जाड तंतू शाबूत होते, म्हणून मी प्रत्येक परीक्षेत पास. बारीक तंतूंचा पेपर कोणी काढलाच नव्हता. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब, त्यामुळे झीज तिथून सुरू होऊन वर सरकते. मुंग्या आणि जळजळ पुष्कळांना होते, काहींना काहीच होत नाही, नुसती जाणीव जाते.

राहिला साखरेचा निकाल. त्यासाठी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी. रात्रभर उपाशी राहून सकाळी लॅबमध्ये गेले. आधी एकदा रक्त घेतलं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाच मिनिटांत संपवायला दिलं. एक घोट गोड लागतो, चौथ्या घोटाला मळमळायला लागतं. लिंबू पिळून मिळालं म्हणून निभावलं. मग दोन तास तिथेच बसायचं. चहा नाही, खाणं नाही, फेऱ्या मारणंही नाही. समोर टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम लागला होता, बासुंदी आटत होती. त्या दिवशीचे डबे जाऊबाईंनी केले आणि आमटीत मीठ कमी पडल्याचे तीन मेसेज मला तिथे बसल्या बसल्या आले.

उपाशीपोटी ११०, दोन तासांनी १७१. २०० च्या वर गेलं की मधुमेह, १४० च्या आत असलं तर ठीक, आणि मधे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आयसीएमआरचा देशभरातल्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज होता. म्हणजे मी मोठ्या गर्दीत उभी आहे. दुसरीकडे बी ट्वेल्व्ह १४२, हवं निदान २०० च्या वर. शाकाहारी घर, सगळे उपास, वर डब्यांच्या धावपळीत स्वतःच्या ताटात ताक-दही क्वचितच. शिवाय पित्तासाठी रोज सकाळी घ्यायची ती गोळीही बरीच वर्षं घेतली की बी ट्वेल्व्ह कमी करू शकते. हे मला कुठल्याच मेडिकलवाल्याने सांगितलं नव्हतं.

मग पाय नक्की कशाने गेले? मला एक उत्तर हवं होतं. डॉक्टरांनी ते दिलं नाही आणि त्याबद्दल माझा त्यांच्यावर विश्वास वाढला. ते म्हणाले, बी ट्वेल्व्ह कमी पडलं की सहसा आधी जाड तंतू बिघडतात, थरथर कळेनाशी होते, अंधारात तोल जातो. तुमचं तसं नाही. बारीक तंतूंचं असं नुकसान उंबरठ्यावरच्या साखरेतही दिसतं, त्यामुळे संशय साखरेवर जास्त. पण बी ट्वेल्व्हला सोडूनही देता येत नाही. दोन्ही दुरुस्त करायचं. मेटफॉर्मिन लगेच नको, कारण तीच बी ट्वेल्व्ह आणखी खाली नेते. आधी भरपाई, मग बघू.

बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन लालबुंद असतं. सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. लोहाच्या गोळ्या. पित्ताची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. जेवणात भात अर्ध्यावर, उसळ आणि भाजी आधी, मुलगा आणि मी अंडी खायला लागलो (सासूबाईंना ठाऊक आहे, बोलत नाहीत). दुपारचं जेवण झालं की लवंडायची सवय होती, तिथे आता पंधरा मिनिटं चालणं. कारल्याचा रस नाही.

खरा बदल पायांच्या राखणीत झाला. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं, पाय घालून नाही. आमचा गिझर ६० वर लावलेला होता. त्या पाण्याने कातडी काही सेकंदांत भाजते आणि मला ते कळलंही नसतं. तो खाली आणला. थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी बंद, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणं बंद. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे. आईचं बोट गेलं ते चपलेत राहिलेल्या एका खड्यापासून, त्यामुळे चपला झटकून घालायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. जोडवी सोनाराकडून सैल करून घेतली. देवळात सकाळी लवकर जायचं, पायात मोजे घालून.

आणि स्वयंपाकघर. डॉक्टरांनी मऊ एमसीआर रबराच्या चपला घ्यायला सांगितल्या होत्या आणि ओट्यापाशी तर पाय पुढूनही झाकलेला हवा म्हणाले. त्यावर घरात आठवडाभर अबोला. सासूबाईंचं म्हणणं, अन्नपूर्णेच्या जागेत पायताण घालून त्यांच्या चुलीपाशी आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. मी वाद घातला नाही, फोडाचा डाग दाखवला. शेवटी त्यांनीच तोड काढली: बूट कापडाचे हवेत, चामड्याचे नकोत, घराबाहेर कधीच घालायचे नाहीत, आणि नैवेद्याचा स्वयंपाक त्या स्वतः करणार. निळे कॅनव्हासचे बूट आले, आत एमसीआरचा तळ घालून घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी बुटांना हळदकुंकू लावलं, तेव्हा मला हसू आवरेना.

इतक्यात पुन्हा त्या यंत्रावर जाऊन आले. पावलावर गार आता ओळखू येतं, आधीपेक्षा लवकर. गरम अजून नाही, अंगठ्याला तर मुळीच नाही. हिमोग्लोबिन ११.९ झालंय, त्यामुळे आता एचबीएवनसीवर भरवसा ठेवता येईल असं डॉक्टर म्हणतात. तो आणि ग्लुकोजची तपासणी गौरी-गणपती झाले की. लिंबू घरून नेणार आहे. जाऊबाईंना त्या दिवशीच्या आमटीचं मीठ मोजून देणार आहे, आणि त्यांचीही साखर त्याच दिवशी तपासायची असं ठरलंय.